ठाणे खाडीत फ्लेमिंगो पाहायला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फ्लेमिंगो पाहायला कोणत्या महिन्यात जायचं, हे सगळे विचारतात. कोणत्या तिथीला आणि किती वाजता जायचं, हे फारसं कुणी विचारत नाही. खाडीवर मात्र सगळा खेळ त्या दुसऱ्या प्रश्नाचा असतो. ऐन हंगामात, सुट्टीच्या दिवशी, सोयीची वेळ गाठून लोक येतात. समोर काठोकाठ भरलेलं पाणी असतं आणि लांबवर एक पुसट गुलाबी रेघ. त्याच दिवशी तीन तासांनी आलेल्यांना मात्र नावेच्या दोन्ही बाजूंना शेकडो पक्षी माना खाली घालून चरताना दिसतात. दोघांच्या वाट्याला वेगवेगळी खाडी आली, ती फक्त भरती-ओहोटीमुळे. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा भरती-ओहोटीला दिली आहे. बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत.

आधी जागेची ओळख. मुंबई आणि नवी मुंबई यांच्या मधून जाणारी ठाणे खाडी साधारण २६ किलोमीटर लांब आहे. ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या दरम्यान, मुंबईच्या बाजूचा किनारा आणि त्याला लागून असलेलं पाणी मिळून सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा ऑगस्ट २०१५ मध्ये ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून जाहीर झाला. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली ही तिसरी रामसर जागा. पलीकडच्या काठावर, ऐरोलीला, वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. माहिती दालन, कांदळवन म्हणजे खारफुटीचं जंगल, आणि नावेची फेरी हे सगळं तिथे एकाच ठिकाणी मिळतं, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

पहिली पायरी: महिना

फ्लेमिंगो पावसाळा संपल्यावर येऊ लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिले थवे उतरतात, जानेवारीपासून संख्या वाढत जाते आणि मे महिन्यात बरेचसे परतीला लागतात. मोठ्या संख्येने पाहायचे असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने धरा. माझं मत विचाराल तर मार्च. पक्षी भरपूर असतात, रंग चढलेला असतो, आणि सकाळी ऊन सोसण्याजोगं असतं. फ्लेमिंगोंशिवाय इतर पाहुणे पक्षीही पाहायचे असतील तर जानेवारी-फेब्रुवारी जास्त चांगला, कारण उत्तरेकडून आलेले कुरव आणि चिखलात चोची खुपसत फिरणारे मलगुजे तेव्हा पूर्ण संख्येने असतात. एप्रिलनंतर तेही निघून जातात.

दुसरी पायरी: भरती-ओहोटी, आणि इथेच नीट लक्ष द्या

फ्लेमिंगो खोल पाण्यात चरत नाहीत. ओहोटी लागली की खाडीच्या दोन्ही काठांना चिखलाचे मोठमोठे पट्टे उघडे पडतात, त्यावर जेमतेम घोटाभर पाणी उरतं, आणि तिथे त्यांचं खाणं सुरू होतं. पूर्ण भरतीला हे पट्टे बुडतात. मग पक्षी उठून आसपासच्या पाणथळ जागांवर विश्रांतीला जातात. पण पूर्ण ओहोटीलाही नावेचं जमत नाही, कारण खाडी उथळ आहे आणि नावेला तळाखाली पाणी लागतं. तेव्हा नावेतून पाहणाऱ्याला हवी ती मधली वेळ: भरती होऊन पाणी उतरायला लागलंय, काठचा चिखल डोकं वर काढतोय, पण नाव चालण्याइतकं पाणी अजून आहे. किंवा याच्या उलट, ओहोटीनंतर पाणी चढायला लागलंय आणि चरणारे थवे हळूहळू कांदळवनाच्या कडेकडे सरकतायत. कोळी बांधव ओहोटीला ‘सुकती’ म्हणतात. सुकती कधी लागणार, हे त्यांना विचारलंत तर बहुतेक वेळा घड्याळाकडे न पाहताच उत्तर मिळतं.

तुम्हालाही ते अंदाजे काढता येतं. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. हा ठोकताळा आहे, प्रत्यक्षात वेळ अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो आणि रोज हे चक्र साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. म्हणजे या रविवारी साधलेली वेळ पुढच्या रविवारी बरोबर उलटी पडते. मागच्या आठवड्यात गेलेल्या मित्राने सांगितलेली वेळ तुमच्या कामाची नाही, ती याचसाठी.

तारीख नक्की करताना मात्र कोष्टक पाहाच. भरती-ओहोटीची माहिती देणारं कोणतंही ॲप चालेल. मुंबईचं कोष्टक अपोलो बंदराची वेळ देतं. ऐरोली खाडीच्या बऱ्याच आत असल्यामुळे पाणी तिथे त्यानंतर काही वेळाने पोचतं, तेवढा फरक मनात धरा.

आणखी एक गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचं पाणी येतं. तेव्हा भरतीला सगळं बुडतं आणि ओहोटीला नजर पोचेल तिथवर चिखल दिसतो, दोन्ही टोकं गाठली जातात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. नवख्यांना मी एकादशी-द्वादशीच्या आसपासचा दिवस सुचवते. सकाळी नऊच्या सुमारास भरती होते, दहा-अकरापर्यंत काठ उघडे पडू लागतात, आणि सकाळचा उजेडही हाताशी असतो. सकाळच्या उजेडाचं महत्त्व पुढे फोटोंच्या भागात सांगितलंय.

तिसरी पायरी: बुकिंग

नावेच्या फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. त्यामुळे ‘सकाळी गेलो की मिळेल एखादी फेरी’ असं धरून निघू नका. आधी बुकिंग करा. सुट्टीच्या दिवसांच्या जागा लवकर भरतात. आठवड्यातला मधला दिवस जमत असेल तर तोच घ्या, नावेत गर्दी कमी असते आणि आवाजही. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारून घ्या: त्या दिवशी भरती किती वाजता आहे, तुमची फेरी भरतीच्या आधीची की नंतरची, आणि केंद्राची साप्ताहिक सुट्टी कोणती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नंतरची’ असेल तर तीच फेरी पकडा.

पोचणं सोपं आहे. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर मार्गावरचं ऐरोली स्टेशन, तिथून रिक्षा. मुलुंडच्या बाजूने गाडीने येणाऱ्यांसाठी ऐरोलीचा पूल ओलांडला की केंद्र जवळच आहे. फेरीच्या निदान तासभर आधी पोचा. लाइफ जॅकेट चढवणं, सूचना ऐकणं यात वेळ जातो, आणि नाव कुणासाठी थांबू शकत नाही. तांडेल, म्हणजे नाव चालवणारा, हटवादी असतो म्हणून नव्हे, तर पाणी उतरत असतं म्हणून. दहा मिनिटांचा उशीर झाला तर परतताना नाव चिखलात रुतण्याची भीती असते.

सोबत काय घ्यायचं

टोपी, पाणी, सनस्क्रीन. नावेवर छत असलं तरी पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन खालून लागतं. फिकट मातकट, राखाडी, खाकी असे कपडे घाला, भडक लाल-पिवळे नकोत. पायात सपाट, पकड असलेले बूट हवेत, कारण जेट्टीच्या पायऱ्यांवर ओला चिखल आणि शेवाळ असतं. पाणी उतरलेलं असेल तर जेट्टी आणि नाव यांच्यातला टप्पा मोठा होतो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर भरतीच्या जवळची फेरी घ्या, चढणं-उतरणं सोपं जातं. नावेवर स्वच्छतागृह नसतं, ते आधीच उरकून घ्या, विशेषतः लहान मुलांचं.

दुर्बीण असेल तर घ्याच, नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, दुर्बीण यासाठी उत्तम. १२ किंवा १६ पटीची मोठी दुर्बीण हलत्या नावेवर हातात स्थिर राहत नाही, चित्र नाचत राहतं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, एकदा वापरून फेकायच्या बाटल्या घरी ठेवा. खाडीत आधीच नको तेवढं प्लॅस्टिक आहे.

चौथी पायरी: नावेआधी कांदळवन

लोक सरळ जेट्टी गाठतात आणि कांदळवन पाहायचं राहून जातं. मला याचं फार वाईट वाटतं. फ्लेमिंगो पाहुणे आहेत, कांदळवनातले जीव बारा महिने इथलेच. माहिती दालन आधी पाहून घ्या. कुठलं झाड कसं ओळखायचं हे तिथे समजतं आणि मग बाहेर डोळे उघडे राहतात.

इथे सगळ्यात जास्त आहे ते तिवर. चिखलातून पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी वर आलेली असंख्य टोकं दिसतील, ती तिवराची श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. भरतीला ती बुडतात, ओहोटीला पुन्हा उघडी पडतात. आता तिवराचं एखादं पान, न तोडता, जवळून पाहा. उन्हाळ्याच्या दिवसांत पानावर बारीक पांढरे कण चमकतात. ते मीठ. मुळांनी बरंचसं मीठ बाहेरच अडवूनही जे आत येतं, ते झाड पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. हे एकदा पाहिलं की खाऱ्या पाण्यात झाड जगतं कसं, हा प्रश्न मुलांना पुस्तकातून समजावावा लागत नाही.

काटेरी पानांचं आणि निळसर-जांभळ्या फुलांचं ठेंगणं झुडूप म्हणजे मारांडी. पांढरी चिप्पी दिसली तर थांबा. महाराष्ट्राने २०२० मध्ये तिला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. तिची पांढऱ्या केसरांची फुलं रात्री उमलतात आणि सकाळपर्यंत केसर खाली पडलेले असतात.

मग दोन-तीन मिनिटं एकाच जागी स्थिर उभे राहा. अगदी स्थिर, हातही हलवायचा नाही. तुम्ही आलात तेव्हा चिखलात फक्त भोकं दिसत होती. आता एका भोकाच्या तोंडाशी दोन बारीक देठांवरचे डोळे वर येतील. मग अंग अर्धं बाहेर. मग एकदम शेजारच्या चार-पाच भोकांतून हालचाल. हे फिडलर खेकडे. नराची एक नांगी त्याच्या अंगाच्या मानाने प्रचंड मोठी असते. ती उंचावून, खाली आणून, पुन्हा उंचावून तो मादीला खुणावतो आणि दुसऱ्या नराला दूर ठेवतो. लहान नांगीने मात्र चिखल उचलून तोंडात घालणं चालूच. त्यातलं खाण्याजोगं तेवढं घेतो आणि उरलेल्या चिखलाच्या बारीक गोळ्या बाहेर टाकतो. भोकाभोवती त्या गोळ्यांची रांगोळी दिसते. तुम्ही मान वळवलीत की क्षणात सगळे गायब.

त्याच चिखलात डोळे डोक्याच्या वर आलेला, करंगळीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा मासा पंखांवर रेटा देत सरकताना दिसेल. तो निवटी. अंग ओलं असेपर्यंत त्याला पाण्याबाहेर श्वास घेता येतो, त्वचेतून आणि तोंडातल्या ओलाव्यातून. मुलांना फ्लेमिंगोइतकाच, कधीकधी जास्तच, हा आवडतो.

या कांदळवनात सोनेरी कोल्हेही राहतात. दिवसा दिसणं कठीण. पहाटे किंवा दिवेलागणीला काठावर एखादा दिसून जातो, नाहीतर नुसती कोल्हेकुई ऐकू येते. मुंबईच्या इतक्या जवळ कोल्हे आहेत, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. ते टिकले आहेत ते या झाडांच्या आडोशामुळे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर कडक बंदी घातली, त्याचं मोल इथे उभं राहिलं की कळतं.

पाचवी पायरी: नावेत

फेरी साधारण तासाभराची असते. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे बांधा आणि फेरी संपेपर्यंत सोडू नका. जागेवर बसून राहा. पक्षी एका बाजूला दिसले की सगळे उठून त्या बाजूला धावतात, नाव कलते, तांडेल ओरडतो आणि पक्षी उडतात. तुमच्या बाजूला नाहीत म्हणून हळहळू नका, परतीच्या वाटेवर बाजू बदलते.

बोलणं हळू आवाजात. मोबाइलवर गाणी नाहीत. ‘अजून जवळ घ्या ना’ असं तांडेलला म्हणू नका. पक्षी उडवून दाखवायला तर अजिबात सांगू नका. थव्याने भरारी घेतली की काळ्या-किरमिजी पंखांचं दृश्य सुंदर दिसतं, मान्य. पण त्यांना चरायला मिळतात ते ओहोटीचे मोजके तास. त्यातले दहा मिनिटं आपल्यासाठी उडण्यात गेले तर पुढच्या लांबच्या प्रवासासाठी साठवायची शक्ती तेवढी कमी होते. यातले बरेच पक्षी गुजरातेतून येतात आणि विणीसाठी कच्छच्या रणाकडे परततात. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये काही फ्लेमिंगोंच्या अंगावर ट्रान्समीटर बसवले होते. त्यातल्या ‘हुमायून’ नावाच्या पक्ष्याचा ठाणे खाडीपासून भावनगरपर्यंतचा प्रवास त्यामुळे नोंदला गेला.

आपण फार जवळ आलोय हे पक्षीच सांगतात. चरणाऱ्या थव्यात एकेक मान वर येऊ लागते, मग सगळ्याच माना ताठ होतात, मग थवा एका दिशेने चालू लागतो. पहिल्या माना वर आल्या तिथेच नाव थांबायला हवी. चांगले तांडेल तिथे इंजिन मंद करतात किंवा बंदच करतात. असा तांडेल मिळाला तर उतरताना त्याला तसं आवर्जून सांगा.

इंजिन थांबलं की ऐकू येतो तो आवाज. बदकांच्या कलकलाटासारखा, पण खालच्या पट्टीतला, सतत चाललेला. कॅमेरा बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता ऐका.

काय पाहायचं, कसं ओळखायचं

ठाणे खाडीत दोन प्रकारचे फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, येतात. बहुसंख्य असतो लहान रोहित: उंची साधारण तीन फूट, अंगभर गुलाबी झाक, चोच गडद किरमिजी, दुरून काळीच वाटते. मोठा रोहित त्याच्याहून पुष्कळ उंच, अंग जवळजवळ पांढरं, मान लांबलचक, आणि चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. दुर्बीण लावली की आधी चोच पाहा, गोंधळ होत नाही. थव्यात मळकट राखाडी पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, लहान वयाचे आहेत. पूर्ण रंग यायला दोन-तीन वर्षं जातात, कारण हा रंग त्यांना खाण्यातून मिळतो.

हे खाणं नीट पाहण्यासारखं आहे. लहान रोहित मान खाली घालून चोच उलटी करतो, म्हणजे वरचा जबडा खाली. जिभेने पाणी आत ओढून बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडांवरच्या अतिशय बारीक गाळणीत नीलहरित शेवाळ अडकतं. या शेवाळातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे पिसं गुलाबी होतात. मोठ्या रोहिताची गाळणी जाड, त्यामुळे तो छोटे कवचधारी जीव, किडे असं खातो. दोघांचं अन्न वेगळं असल्यामुळे एकाच चिखलात ते शेजारीशेजारी चरू शकतात.

हे शेवाळ इथे इतकं का वाढतं, त्याचं उत्तर सुखावणारं नाही. दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं आणि त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ फोफावतं. १९९० च्या दशकापासून इथे फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले, अलीकडे त्यांची संख्या लाखापर्यंत गेली आहे. पण म्हणून ‘सांडपाणी चांगलंच’ असा निष्कर्ष काढू नका. तेच पाणी प्रमाणाबाहेर वाढलं, त्यात रसायनं मिसळली, तर शेवाळ आणि पक्षी दोन्ही जातील. खाडीवर वास येतो, प्लॅस्टिक तरंगताना दिसतं. मुलांना आधी सांगून ठेवा आणि का ते समजावून द्या.

मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर आणखी एक गोष्ट शोधा. दाट घोळका करून काही पक्षी माना एकदम ताठ उभारतात आणि डोकी झपाझप डावी-उजवीकडे वळवतात. मध्येच पंख क्षणभर उघडून मिटतात. सगळा घोळका एका दिशेने तुरुतुरु चालतो आणि तसाच मागे वळतो. हे जोडीदार निवडण्याचं नाचणं. वीण इथे होत नाही, पण तयारी इथे सुरू होते. घाबरलेला थवा आणि नाचणारा थवा यात फरक हा की नाचणारे पक्षी एकमेकांना धरून असतात, तुमच्यापासून लांब जात नाहीत.

‘यांचे गुडघे उलटे का?’ हे मुलं हमखास विचारतात. मध्ये वाकलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे. गुडघा वर, पिसांत लपलेला असतो.

फ्लेमिंगोंच्या आजूबाजूलाही पाहत राहा. वर वळलेल्या बारीक चोचीचा काळा-पांढरा उचाट्या, लाल लांब पायांचा शेकाट्या, खांबावर बसलेला खंड्या, काठाच्या झाडांवर चित्रबलाक, कांदळवनावरून खालून खालून तरंगत जाणारा भोवत्या. नावेच्या मागे उडणारे पांढरे पक्षी म्हणजे कुरव. त्यांना गाठी-शेव टाकायची पद्धत पडली आहे, ती पाळू नका. तळलेलं, खारट खाणं पक्ष्यांसाठी वाईटच, आणि वन्यजीवांना खायला घालणं अभयारण्यात चालत नाही.

फोटो काढणाऱ्यांसाठी थोडं

खाडी साधारण उत्तर-दक्षिण आहे आणि अभयारण्य पश्चिम काठाला. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे नवी मुंबईच्या बाजूला, तुमच्या पाठीशी असतो आणि समोरच्या पक्ष्यांवर थेट उजेड पडतो. दुपारनंतर तेच पक्षी उजेडाच्या विरुद्ध येतात आणि रंग काळवंडतो. म्हणून सकाळची फेरी. नाव हलत असते, तेव्हा शटर स्पीड १/१००० च्या खाली आणू नका. ट्रायपॉड नावेवर निरुपयोगी, इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात येते. मोबाइलने एका पक्ष्याचा फोटो नीट येणार नाही. थवा, चिखल, मागच्या उंच इमारती असा रुंद फोटो घ्या, ठाणे खाडीची खरी ओळख त्यातच आहे. ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही, आणि परवानगी मागण्याचा विचारही नवख्यांनी करू नये.

नावेची फेरी मिळाली नाही तर

जमिनीवरूनही फ्लेमिंगो दिसतात, फक्त भरतीचा हिशोब उलटा करावा लागतो. पूर्ण भरतीला खाडीतले पट्टे बुडाले की थवे नेरूळ-सीवूड्स भागातल्या पाणथळींवर, डीपीएस तलाव आणि एनआरआय संकुलाच्या मागच्या बाजूला, विश्रांतीला येतात. तिथे भरतीच्या वेळेच्या थोडं आधी पोचा. पाणी चढेल तसे थवे खाडीकडून उडत येतात आणि समोर उतरतात. रस्त्यावरून, काठावरूनच पाहा. पक्षी इथे झोपायला आणि पिसं साफ करायला आलेले असतात, काठ सोडून आत जाऊ नका.

शिवडीच्या जेट्टीवर मात्र भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर जायचं, चिखल उघडा असताना. शिवडी पश्चिम काठावर असून तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे दुपारनंतरचा उजेड चांगला. ऐरोलीच्या बरोबर उलट.

या पाणथळींबद्दल एक सांगायलाच हवं. खाडी अभयारण्य असली तरी भरतीच्या वेळी आसरा देणाऱ्या या छोट्या जागा तितक्या सुरक्षित नाहीत. त्या बुजल्या, कोरड्या पडल्या किंवा तिथे रात्रभर प्रखर दिवे लागले, तर थव्याला भरतीच्या वेळी उतरायला जागा उरत नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाला धडकून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले, तेव्हा पाणथळींमधून हुसकावले गेलेले पक्षी भलत्या वाटेने उडतात का, हा प्रश्न पक्षीमित्रांनी जोरात विचारला होता. खाडी पाहून आलात की या तलावांच्या बातम्यांकडेही लक्ष असू द्या.

परत आल्यावर

काय काय पाहिलं ते त्याच दिवशी लिहून काढा: तारीख, वेळ, भरती चढती होती की उतरती, पक्ष्यांची अंदाजे संख्या. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते पाहा, आणि तेवढ्या जागा थव्यात किती बसतात ते मोजा. ही नोंद पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर टाकता येते, त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. नाव ओळखू न आलेला पक्षी अंदाजाने टाकू नका, तो वगळा.

एखाद्या फ्लेमिंगोच्या पायात कडी दिसली तर कडीचा रंग, त्यावरची अक्षरं आणि ती कोणत्या पायात होती हे टिपून, फोटो असेल तर फोटोसह, बीएनएचएसकडे पाठवा. अक्षरं अर्धवट वाचली असतील तरी चालतं, जेवढी दिसली तेवढीच लिहा. जखमी किंवा उडू न शकणारा पक्षी दिसला तर स्वतः चिखलात उतरू नका. चिखल कमरेपर्यंत ओढतो, आणि घाबरलेला पक्षी धडपडीत पाय मोडून घेतो. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, जागा नेमकी सांगा, पाणी चढतंय की उतरतंय तेही सांगा, आणि माणसं येईपर्यंत कुत्री व गर्दी लांब ठेवा.